काळी चार, पाच रेघा

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या गणपतीच्या आधी आमच्या वाद्यवृंदाची तालीम होती. सहा व्हायोलिन, दोन बासऱ्या, एक चेलो आणि एक क्लॅरिनेट. मी संगणकावर पार्ट, म्हणजे प्रत्येक वाद्यासाठी पाच रेघांवर लिहिलेले स्वरांचे कागद, तयार करून, छापून, वाटले. पहिल्याच ओळीला क्लॅरिनेट सगळ्यांच्या एक पूर्ण स्वर खाली वाजू लागलं. वाजवणारे काका चाळीस वर्षं क्लॅरिनेट वाजवताहेत, समोर जे लिहिलं होतं तेच ते वाजवत होते. क्लॅरिनेटवर लिहिलेला 'सी' वाजवला की ऐकू येतो 'बी फ्लॅट', म्हणजे एक स्वर खालचा, म्हणून त्याचा पार्ट एक स्वर चढवून लिहावा लागतो. स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर हे आपसूक करतं, पण त्यासाठी 'कॉन्सर्ट पिच', म्हणजे ऐकू येतो तोच स्वर कागदावर दाखवणारं, बटण बंद असायला हवं. लिहिताना सोयीचं म्हणून मी ते चालू केलं होतं, आणि छापताना तसंच राहिलं. घरी स्पीकरवर मात्र सगळं अगदी सुरात वाजत होतं.

त्या दिवसापासून मी स्पीकरच्या भरवशावर पान तपासत नाही. संगणक काहीही वाजवून दाखवतो. त्याला श्वास घ्यायचा नसतो, पान उलटायचं नसतं. आपण लिहितो ते माणसासाठी. मुंबईच्या ध्वनिमुद्रणांत गोव्याच्या अरेंजर, म्हणजे वाद्यांची मांडणी करणाऱ्या, मंडळींनी हेच काम हाताने केलं. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे अरेंजर सेबॅस्टियन डिसोझा घ्या. चाल तयार झाली की एकेका वाद्याचा पार्ट कागदावर उतरायचा, आणि वादक तो समोर ठेवून वाजवायचे. त्या कागदावर अडखळायला जागाच नसावी लागते. आपल्या हातात आज सॉफ्टवेअर आहे, पण कसोटी तीच.

मी म्यूझस्कोर हे स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर वापरते. ते मोफत आहे आणि घरच्या साध्या लॅपटॉपवर चालतं. नवे लोक माउसने एकेक स्वर उचलून रेघेवर ठेवतात आणि दोन ओळींत दमतात. माउस बाजूला ठेवा. 'एन' दाबलं की स्वर लिहिणं सुरू होतं. मग आधी लांबी, नंतर स्वर. पाचचा आकडा म्हणजे एक मात्रा, चार म्हणजे अर्धी, सहा म्हणजे दोन मात्रा. पाठोपाठ सी, डी, ई या अक्षरांची बटणं. शून्य दाबलं की विश्रांती. स्वर भलत्याच सप्तकात पडला तर कंट्रोल धरून वर-खाली बाण. एखादी जागा पुन्हा येत असेल तर ती निवडून 'आर' दाबा, लगेच पुढे उमटते. एवढी बटणं हातात बसली की आठवड्याभरात वेग येतो.

आता आपल्याकडचा खरा प्रश्न. आपला सा कुठेही असतो, स्टाफवर, म्हणजे पाच रेघांवर, मात्र तो एका जागी बांधावा लागतो. मी आधी सगळं पांढरी एकमध्ये, म्हणजे 'सी'मध्ये लिहिते आणि गायिका ठरली की ट्रान्सपोज करते, म्हणजे सगळे स्वर तिच्या पट्टीत हलवते. समजा ती म्हणाली, काळी चार. काळी चार म्हणजे जी शार्प (जीच्या अर्धा स्वर वर), आणि तीच ए फ्लॅट (एच्या अर्धा स्वर खाली). पेटीवर पट्टी एकच, कागदावर जमीनअस्मानाचा फरक. ए फ्लॅट मेजर लिहिलं तर सुरुवातीला चार फ्लॅट येतात. जी शार्प मेजर लिहायला गेलात तर आठ शार्प होतात, त्यातला एक दुहेरी. व्हायोलिनवाला असं पान पाहून वाद्य खाली ठेवेल. म्हणून काळी चारला ए फ्लॅट निवडा. काळी एकलाही डी फ्लॅटच, पाच फ्लॅटमध्ये भागतं, सी शार्पला सात शार्प लागतात.

तालाचंही तसंच. रूपक सात मात्रांचा, म्हणून सुरुवातीला तालाच्या खुणेत नुसतं सात-चार लिहून थांबू नका. म्यूझस्कोरमध्ये तीन अधिक दोन अधिक दोन असंही दाखवता येतं. तबला ऐकत वाजवणाऱ्याला विभाग डोळ्यांनीही दिसले की तो सम चुकत नाही. झपतालाला दोन-तीन-दोन-तीन. मींड (स्वरावरून स्वरावर घसरत जाणं) आणि आंदोलन (स्वराचं हळुवार झुलणं) मात्र पाच रेघांत पुरतं मावत नाही. तिथे स्लरची, म्हणजे स्वर जोडणारी, कमान काढा, वर दोन शब्द लिहा, आणि तालमीत गाऊन दाखवा.

गाण्याचे शब्द लिहायला कंट्रोल आणि 'एल'. एक अक्षर लिहून स्पेस दिली की पुढच्या स्वरावर जाता येतं, शब्द तोडायचा असेल तिथे स्पेसऐवजी हायफन. मराठीत गंमत जोडाक्षरांची. 'शब्द' हा शब्द कसा तोडाल? 'शब्' आणि 'द' असा तोडला की पाय मोडलेला ब गाणाऱ्याच्या डोळ्याला टोचतो. 'श' आणि 'ब्द' असा तोडा, वाचायला सरळ, आणि लांबवायचा तो 'श'च. अक्षर अनेक स्वरांवर ओढायचं तर अंडरस्कोर द्या, खाली रेघ जाते. शब्दांचा फॉन्ट सुरुवातीलाच देवनागरीचा ठेवा आणि पीडीएफ काढून जोडाक्षरं एकदा नीट पाहा.

पान उलटण्याची जागा मी सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात जास्त वेळ देऊन ठरवते. प्रत्येक पार्ट स्वतंत्र उघडायचा आणि पान संपताना त्या वादकाला दोन तरी बार (उभ्या रेघांमधले भाग) विश्रांती आहे का ते बघायचं. नसेल तर बार निवडून कंट्रोल-एंटर, पान तिथेच तोडायचं. खाली अर्धं पान कोरं राहिलं तरी राहू द्या. वाक्य संपतं तिथे नुसतं एंटर दाबून ओळ तोडा.

एक सवय मात्र आजच लावून घ्या. फिनाले हे जुनं, नावाजलेलं सॉफ्टवेअर. 2024 च्या ऑगस्टमध्ये त्याच्या कंपनीने त्याचा विकास थांबवत असल्याचं जाहीर केलं. पस्तीस वर्षं लोकांनी त्यात संगीत लिहिलं होतं. म्हणून काम संपलं की मूळ फाइलबरोबर म्यूझिकएक्सएमएल या प्रकारातही एक प्रत काढा. ती म्यूझस्कोर, सिबेलियस, डोरिको अशा सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते. मांडणी थोडी हलेल, स्वर आणि शब्द राहतील. दुसरी प्रत पीडीएफ, तिसरी कागदावर. माझ्या त्या क्लॅरिनेटच्या पार्टवर काकांनी पेन्सिलीने प्रत्येक स्वर एक पायरी वर लिहून घेतलाय. तो कागद मी जपून ठेवलाय, नवा पार्ट छापायच्या आधी एकदा बाहेर काढते.