नियम उठला, धोका कुणाकडे गेला?

(पडद्यावर: एक जुना कागद, त्यावर लाल अंगठ्यांचे ठसे)

1978 चा हिवाळा. चीनच्या आनहुई प्रांतातलं श्याओगांग गाव. जमीन कम्यूनची, म्हणजे सरकारने उभारलेल्या सामूहिक शेतीच्या संस्थेची, राबायचं सगळ्यांनी, पीक सरकारजमा, आणि पोट मात्र ज्याचं त्याचं. वाईट वर्षी इथली माणसं भीक मागायला बाहेर पडत. एका रात्री अठरा शेतकऱ्यांनी गुपचूप करार केला आणि त्यावर अंगठे उठवले. जमीन घराघरांत वाटून घ्यायची, सरकारचा वाटा चुकता करायचा, उरेल ते धान्य आपलं. करारातलं एक कलम आजही वाचताना अंगावर येतं: या भानगडीत म्होरके तुरुंगात गेले किंवा जिवानिशी गेले, तर त्यांची मुलं अठरा वर्षांची होईपर्यंत बाकीचे सांभाळतील.

पुढच्या हंगामात गावचं पीक कित्येक पटींनी वाढलं. वरिष्ठांनी आधी काणाडोळा केला, मग मान्यता दिली, आणि काही वर्षांत ही पद्धत देशभर पसरली. जागतिक बँकेच्या हिशेबाने पुढच्या चाळीस वर्षांत चीनमधले जवळपास 80 कोटी लोक अत्यंत गरिबीतून बाहेर आले. त्याचं सगळं श्रेय या कागदाला देणं भाबडेपणाचं होईल. रस्ते, शाळा, कारखाने, निर्यात, बरंच काही त्यात आहे. पण नियंत्रणमुक्तीचं नाव काढताच ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्यांनी हा कागद आधी बघावा.

(पडद्यावर: औषधांची पेटी खांद्याला लावून बांधावरून चालणारी तरुणी)

आता याच गोष्टीचा दुसरा भाग, जो सांगायचा सहसा राहून जातो.

कम्यून नुसती शेती करत नव्हतं. गावातला दवाखानाही त्याच्याच निधीतून चालायचा. जुजबी प्रशिक्षण घेतलेली गावातलीच माणसं, ‘अनवाणी डॉक्टर’ म्हणत त्यांना, तापापासून लसीकरणापर्यंत सगळं बघत. 1970 च्या दशकाच्या अखेरीस सुमारे 90 टक्के गावं या योजनेत होती. कम्यून मोडली, निधी आटला, आणि 1980 च्या दशकाच्या मध्यावर हे प्रमाण 5 टक्क्यांच्या आसपास आलं. दवाखाने बंद करा असा हुकूम कुणी काढला नव्हता. ते ज्या पैशावर उभे होते, तो पैसाच उरला नाही. आता शेतकऱ्याच्या घरात धान्य होतं, पण एखादं मोठं आजारपण आलं की अख्खं घर कर्जात बुडायचं. सरकारची नवी ग्रामीण आरोग्य योजना सुरू व्हायला 2003 उजाडलं.

बंधन गेलं, त्याबरोबर आधारही गेला. एका नियमाची ही दोन कामं असतात आणि बहुतेक वेळा ती एकमेकांत गुंतलेली असतात. म्हणून नियंत्रणमुक्ती चांगली की वाईट, या वादात मला फारसा रस नाही. कुठला नियम उठतोय? तो कुणाला अडवत होता आणि कुणाला सांभाळत होता? आणि तो गेल्यावर धोका कुणाच्या गळ्यात पडतो?

(पडद्यावर: विमानतळावरची गर्दी)

अमेरिकेत 1938 पासून एक मंडळ कुठल्या विमान कंपनीने कुठल्या मार्गावर उडायचं आणि तिकीट कितीला विकायचं, हे ठरवायचं. चाळीस वर्षांत एकाही नव्या कंपनीला त्याने मोठ्या मार्गांवर पाय ठेवू दिला नाही. ऑक्टोबर 1978 मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ही व्यवस्था मोडणाऱ्या कायद्यावर सही केली. अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड कान या मंडळाचे अध्यक्ष होते, आणि आपलंच मंडळ मोडावं म्हणून ते हिरिरीने झटले. असा अधिकारी विरळाच! महागाई धरून हिशेब केला तर पुढे भाडी उतरली आणि सामान्य माणूस विमानात बसू लागला.

फुकट काहीच झालं नाही. पॅन ॲमसारखी नावाजलेली कंपनी 1991 मध्ये बंद पडली, आणि विलीनीकरणं होत होत आज देशांतर्गत बाजाराचा मोठा हिस्सा चार कंपन्यांच्या हातात आहे. पण दोन गोष्टी शाबूत ठेवल्या होत्या. विमानाच्या सुरक्षिततेचे नियम तसेच राहिले. आणि लहान गावांची सेवा बंद पडू नये म्हणून अनुदानाची तरतूद त्याच कायद्यात केली गेली. भाव ठरवणारा नियम गेला, जीव वाचवणारा राहिला. भारतातही 1991 च्या जुलैपर्यंत बहुतेक उद्योगांना कारखाना वाढवायला सरकारी परवाना लागत असे. त्या परवान्याने ग्राहकाचं कुठलं भलं होत होतं, हे सांगणं अवघड आहे.

रशियाने 2 जानेवारी 1992 ला बहुतेक वस्तूंचे भाव एका झटक्यात मोकळे केले. त्या वर्षी महागाई 2,500 टक्क्यांच्या पुढे गेली आणि लोकांची आयुष्यभराची बचत कवडीमोल झाली. 1990 मध्ये पुरुषांचं सरासरी आयुर्मान 63 च्या पुढे होतं, 1994 मध्ये ते 57 च्या आसपास आलं. त्यामागे दारू होती, बेकारी होती, कोलमडलेली इस्पितळं होती.

(पडद्यावर: भिंतीवरची तिरपी भेग)

आणि कधी कधी नियम रद्द करावाही लागत नाही. तपासायला माणूसच पाठवला नाही, की काम झालं.

ढाक्याजवळचं सावर. राणा प्लाझा ही आठ मजली इमारत. वरचे मजले रीतसर परवानगीशिवाय चढवलेले, त्यांवर कपड्यांचे कारखाने, वीज गेली की धडधडणारे जनरेटर. 23 एप्रिल 2013 ला भिंतींना भेगा पडल्या. खालच्या मजल्यावरच्या बँकेने आपली माणसं घरी पाठवली. दुसऱ्या दिवशी बँक बंद होती. वरच्या कारखान्यांतल्या कामगारांना मात्र बोलावून घेतलं. आला नाहीत तर पगार कापू. सकाळी नऊच्या सुमारास इमारत कोसळली. 1,134 माणसं गेली, त्यांत बहुसंख्य बाया.

एकच इमारत, एकच भेग. बँकेतला कारकून घरी बसू शकला, शिलाई करणारी पोर बसू शकली नाही. याच धंद्याने लाखो बांगलादेशी स्त्रियांच्या हातात पहिल्यांदा पगार ठेवला, हेही तितकंच खरं. म्हणूनच कारखाने बंद करा, असं कामगार संघटनांनी म्हटलं नाही. त्यांनी नियम मागितले. मे 2013 मध्ये परदेशी ब्रँडांना कायद्याने बांधणारा सुरक्षा करार झाला, दीड हजारांहून अधिक कारखाने तपासले गेले, आणि नियमांमुळे धंदा पळून जाईल ही भीती खोटी ठरली: निर्यात वाढतच गेली.

(पडद्यावर: बँकेच्या दारासमोरची रांग)

2008 च्या आर्थिक संकटानंतर अमेरिकेने मोठ्या बँकांवर कडक बंधनं घातली होती. मे 2018 मध्ये ती सैल झाली: बँकेची मालमत्ता किती झाली की जास्त कडक देखरेख लागू होते, ही मर्यादा 50 अब्ज डॉलरवरून 250 अब्जांवर नेली. सुमारे 200 अब्जांची सिलिकॉन व्हॅली बँक त्यातून सुटली आणि 10 मार्च 2023 ला, शुक्रवारी, बुडाली. देखरेख ढिली पडल्याचा वाटा त्यात होता, असं अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेनेच नंतर आपल्या अहवालात लिहिलं. ठेवींच्या विम्याची मर्यादा अडीच लाख डॉलर होती. तरी रविवारी संध्याकाळी सरकारने जाहीर केलं की सगळ्या ठेवीदारांचे सगळे पैसे मिळतील, कितीही असोत.

राणा प्लाझातल्या मृतांच्या वारसांसाठी आणि जखमींसाठी 3 कोटी डॉलरचा निधी लागणार होता. तो पूर्ण जमायला जून 2015 उजाडलं.