शैलजा टीचर आणि निपाहची यादी

[शाळेची इमारत, पावसाळी सकाळ]
कण्णूर जिल्ह्यातलं शिवपुरम हायस्कूल. के. के. शैलजा इथं विज्ञान शिकवायच्या. 1996 मध्ये त्या कुथुपरंबाच्या आमदार झाल्या. शाळेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली ती मात्र 2004 मध्ये. 2006 ला पेरावूरमधून विजय, 2011 ला तिथंच पराभव, 2016 मध्ये पुन्हा कुथुपरंबा आणि आरोग्यमंत्रिपद. केरळभर आजही त्या शैलजा टीचरच.

[आरोग्य केंद्रातली रांग]
ही रांग नीट बघा. 2017 मध्ये सुरू झालेल्या आर्द्रम मिशनमधून प्राथमिक आरोग्य केंद्रांची कुटुंब आरोग्य केंद्रं होऊ लागली. डॉक्टर-नर्सची पदं वाढली, केंद्रातच प्रयोगशाळा आली, ओपीडी संध्याकाळपर्यंत चालू लागली. साथ आल्यावर ऐनवेळी माणसं उभी करता येत नाहीत. ती आधीच कामावर असावी लागतात.

[पेरांब्रा, रुग्णालयाचं फाटक]
मे 2018. कोळिकोड जिल्ह्यातल्या पेरांब्राजवळचं एक घर. 5 तारखेला तिथला तरुण दगावला, तेव्हा कुणाला संशय आला नाही. मग त्याचा भाऊ तशाच लक्षणांनी आजारी पडला. एकाच घरात दोघांना मेंदूज्वर, हे डॉक्टरांना खटकलं. नमुने आधी मणिपालला, मग पुण्याला गेले. 20 मे रोजी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं निपाहवर, म्हणजे वटवाघळांतून माणसांत येणाऱ्या विषाणूवर, शिक्कामोर्तब केलं.

[कंट्रोल रूम, भिंतीवरचे तक्ते]
लस नाही, खात्रीचं औषध नाही. मग हाती उरते ती रुग्णाच्या संपर्कात आलेल्यांची यादी. रुग्ण कोणत्या दिवशी कुठं होता, किती वेळ, कुणाच्या किती जवळ, हे शेवटच्या दिवसापासून मागं मागं लिहीत जायचं. निपाहचा रुग्ण अत्यवस्थ होऊन खोकू लागला की सर्वांत जास्त संसर्ग पसरवतो. म्हणून घराइतकीच रुग्णालयंही धोक्याची ठरली: पेरांब्राचा वॉर्ड, आणि कोळिकोड मेडिकल कॉलेजात स्कॅनसाठी थांबायची जागा.

यादी अडीच हजारांच्या पुढं गेली. प्रत्येकावर 21 दिवस लक्ष, रोज एकच प्रश्न: ताप आहे का? बहुतेकांना दोन आठवड्यांत लक्षणं दिसतात, पण तेवढ्यावर थांबलं तर उशिरा आजारी पडणारा निसटतो आणि साखळी पुन्हा सुरू होते.

[विहीर, जाळी]
त्या घराच्या विहिरीत वटवाघळं सापडली. तपासणीत काहीच आलं नाही, कारण ती कीटक खाणारी होती. निपाह बाळगतात ती फळं खाणारी, मोठी वटवाघळं. पुढं त्यांच्या नमुन्यांत विषाणूचा माग लागला.

प्रयोगशाळेत निदान झालेल्या 18 जणांपैकी दोघं वाचले. पहिल्या रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या नर्स लिनी पुथुस्सेरी गेल्या.

[विमानतळ, मास्क लावलेले प्रवासी]
हीच रीत 2020 मध्ये कामी आली. 30 जानेवारीला भारतातला पहिला कोविड रुग्ण केरळमध्येच सापडला. मार्चमध्ये पत्तनंतिट्टा जिल्ह्यात इटलीहून आलेल्या कुटुंबाचा रूट मॅप प्रशासनानं जाहीर केला: तारीख, वेळ, दुकान, बँक. नाव नाही. त्या वेळी तिथं असलेल्यांनी स्वतःहून फोन करायचा. यादी अशी दोन्ही बाजूंनी भरत गेली.

टीचरांच्या आरोग्य खात्यावर पीपीई किट चढ्या दरानं घेतल्याचा आरोपही झाला.

[प्रचारसभा]
2021 मध्ये मट्टन्नूरमधून त्या 60,963 मतांनी जिंकल्या. त्यांच्या माकप पक्षानं मंत्रिमंडळात नवे चेहरे घेतले, टीचर बाहेर राहिल्या. 2022 मध्ये मॅगसेसे पुरस्कार नाकारला. 2024 मध्ये वडकरा लोकसभा मतदारसंघात पराभव.