कामाच्या जागेवरचा आवाज मोजताना

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या सांगली जिल्ह्यात आवाजाच्या धंद्यांना तोटा नाही. विट्याचे यंत्रमाग, कुपवाड आणि मिरजेच्या औद्योगिक वसाहतींमधल्या फाउंड्र्या, गाळप हंगामात रात्रंदिवस चालणारे साखर कारखाने आणि हळद काढून, शिजवून, वाळवून झाली की फिरू लागणारे पॉलिशचे ड्रम, या सगळ्या ठिकाणी माणसे आठ-आठ तास, कधी त्याहूनही अधिक, आवाजात उभी असतात. यांपैकी काही ठिकाणी हातात धरायचा ध्वनिमापक, म्हणजे साउंड लेव्हल मीटर, असतोही. पण पुष्कळदा तो सुपरवायझरच्या टेबलाच्या खणात राहतो, तपासणी जवळ आली की बाहेर निघतो, शेडच्या दारात उभे राहून त्याचे बटण दाबले जाते आणि दिसला तो आकडा रजिस्टरात चढतो. अशा आकड्यावरून काहीही ठरवता येत नाही. आवाज मोजायचा तो कामगाराच्या कानापाशी, त्याच्या पाळीच्या हिशेबाने, आणि मीटर बरोबर दाखवतो आहे याची आधी खात्री करून घेऊन. हे प्रत्यक्षात कसे करावे, एवढाच आजचा विषय आहे.

कोणी म्हणेल, मीटर कशाला, आम्हाला ऐकू येतेच की. आपल्या मिरजेत तंबोरे घडवणाऱ्या कारागिरांच्या कानाबद्दल मला नितांत आदर आहे. परंतु तो कान सुराचा असतो. आवाजाच्या पातळीबाबत मात्र माणसाचा कान सवयीला शरण जातो. वर्षानुवर्षे मागावर काम केलेला माणूस ‘आता काही वाटत नाही’ असे म्हणतो, तेव्हा ती सवय असू शकते, तशीच ती बहिरेपणाची सुरुवातही असू शकते. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल, तर मीटर बाहेर काढण्याची वेळ झाली, एवढे मात्र कानावरून ठरवायला हरकत नाही.

आता उपकरणाकडे वळू. आयईसी ६१६७२ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ध्वनिमापकांचे दोन वर्ग आहेत. पहिल्या वर्गाचे अधिक अचूक आणि बरेच महाग असतात. कारखान्यातल्या नेहमीच्या पाहणीसाठी दुसऱ्या वर्गाचा मीटर पुरतो. ज्याच्यावर कोणताच वर्ग लिहिलेला नाही असा स्वस्तातला मीटर आणि मोबाइलवरचे अ‍ॅप, हे दोन्ही मी एकाच पंक्तीला बसवतो. कुठे आवाज जास्त आहे याचा अंदाज त्यांनी येतो, परंतु ज्या नोंदीवरून उद्या कोणाची भरपाई ठरू शकते अशा नोंदीसाठी ती वापरू नयेत. मोबाइलचा मायक्रोफोन बोलण्यासाठी बनवलेला असतो आणि मोठ्या आवाजात तो बहुधा कमीच दाखवतो, हा धोका अधिक आहे.

कामाला सुरुवात कॅलिब्रेटरपासून होते. मुठीत मावेल एवढे हे यंत्र १००० हर्ट्झचा एकच स्थिर स्वर काढते आणि त्याची पातळी ९४ डेसिबल असते; काहींमध्ये ११४ डेसिबलची सोयही असते. मीटरवरची स्पंजाची काळी टोपी काढावी, मायक्रोफोन कॅलिब्रेटरच्या भोकात हलक्या हाताने, पण शेवटपर्यंत बसवावा, कारण तो अर्धवट बसला तर आत हवेची जागा राहते आणि आकडा चुकतो, आणि मग स्वर सुरू करून आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. मीटर ९४ च्या ऐवजी ९३.६ दाखवत असेल, तर काही मीटरना बाजूला असलेला बारीक स्क्रू फिरवून आणि काहींच्या मेनूमध्ये जाऊन तो ९४ वर आणावा लागतो. मीटरवर ए आणि सी अशा दोन मोजपट्ट्या असतात, त्यांच्याबद्दल पुढे सांगतोच; १००० हर्ट्झला त्या दोन्ही एकच आकडा देतात, म्हणून कॅलिब्रेशन कोणत्याही पट्टीवर झाले तरी चालते. हीच तपासणी मोजणी संपल्यावर पुन्हा करायची आहे. आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांत अर्ध्या डेसिबलपेक्षा जास्त फरक पडला, तर मधल्या सगळ्या नोंदी बाद कराव्यात, मग त्यात अख्खी पाळी गेलेली असली तरी. बॅटरी उतरलेली असणे हे अशा फरकाचे नेहमीचे कारण असते, त्यामुळे नवी बॅटरी खिशात ठेवलेली बरी. एअरकंडिशनच्या खोलीतून मीटर थेट बॉयलरजवळ नेला तर मायक्रोफोनवर दमट हवेचे बाष्प धरते, तेव्हा त्याला थोडा वेळ तिथल्या हवेत राहू द्यावे.

मीटरवरच्या बटणांपैकी पहिले ए आणि सी यांचे. माणसाच्या कानाला खालच्या पट्टीतला घुमणारा आवाज कमी जाणवतो, त्याप्रमाणे ए मोजपट्टी १०० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे १९ डेसिबल वजा करते. सी मोजपट्टी तिथे जवळजवळ काहीच वजा करत नाही. कामगाराच्या कानाचा हिशेब ए पट्टीवर करतात. दुसरे बटण फास्ट आणि स्लो यांचे. फास्टमध्ये मीटर सेकंदाच्या आठव्या भागाची सरासरी घेतो, स्लोमध्ये एका सेकंदाची. कारखान्यात स्लो लावावे, म्हणजे आकडा नाचत नाही आणि वाचता येतो. तिसरे बटण मॅक्सचे, आणि सर्वांत जास्त घोटाळा याच बटणाने होतो. ते एकदा दाबले गेले की त्या वेळेपासूनचा सर्वांत मोठा आकडा पडद्यावर चिकटून राहतो. मोजणी चालू असताना कोणी लोखंडी पट्टी जमिनीवर टाकली, तर तो ठणका अख्ख्या शेडचा आवाज म्हणून नोंदला जातो. पडद्याच्या कोपऱ्यात मॅक्स अशी बारीक अक्षरे दिसत नाहीत ना, हे प्रत्येक वाचनाआधी पाहावे. ज्या मीटरमध्ये पल्ला, म्हणजे किती डेसिबलपासून किती डेसिबलपर्यंत मोजायचे ते, हाताने निवडावा लागतो, त्यात ओव्हर किंवा अंडर अशी खूण आली की तो आकडा सोडून द्यावा आणि पल्ला बदलून पुन्हा मोजावे.

यंत्रमागाच्या एखाद्या शेडचे उदाहरण घेऊ. पत्र्याचे बुटके छप्पर, मागाला लागून माग, मध्ये माणूस जेमतेम आडवा होऊन जाईल एवढी गल्ली. धोट्याचे साधे माग असतील तर प्रत्येक फेरीला धोटा पेटीवर आपटतो आणि तो आवाज छपरावरून परत खाली येतो. इथे दारात मोजलेला आवाज आणि मागवाल्याच्या कानाशी असलेला आवाज यांत सहज काही डेसिबलचा फरक निघतो. म्हणून मागवाला जिथे उभा राहून तुटलेला धागा जोडतो, तिथे त्याच्या कानापासून दहा ते चाळीस सेंटिमीटरच्या आत मायक्रोफोन धरावा, आणि ज्या बाजूचा कान मागाकडे असतो ती बाजू निवडावी. माणूस जागेवर नसेल तर तो उभा असताना डोके जिथे येईल तिथे, म्हणजे जमिनीपासून साधारण दीड मीटरच्या वर, मीटर धरावा. तो हातभर लांब धरायचा असतो, कारण छातीजवळ धरला तर आपल्याच अंगावरून परतलेला आवाज त्यात मिसळतो. मायक्रोफोनचे तोंड कुठे असावे हे त्याच्या जातीवर अवलंबून असते. काही थेट यंत्राकडे रोखायचे असतात, काही तिरके धरायचे असतात, आणि याचे उत्तर मीटरबरोबर आलेल्या पुस्तिकेतच मिळते. स्पंजाची टोपी मात्र कॅलिब्रेशन संपताच परत चढवावी. पंख्याचा वारा मायक्रोफोनवर आपटला तर तो वाराही मीटर आवाज म्हणून मोजतो, आणि शिवाय टोपीमुळे शेडमधल्या कापसाच्या तंतूंपासून मायक्रोफोनचा पडदा वाचतो.

आवाज एकसारखा असेल तर पाच मिनिटांची मोजणी पुष्कळ झाली, परंतु ती तीनदा करावी. तीन वाचनांत तीन डेसिबल किंवा त्याहून जास्त अंतर पडले, तर आणखी मोजण्या घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. फाउंड्रीत असे एकसारखे आवाज फार कमी. फेटलिंगवरचा, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करणारा, कामगार काही मिनिटे ग्राइंडर चालवतो, मग कास्टिंग, म्हणजे तो ओतीव भाग, उलटतो, मग हवेच्या पाइपने धूळ उडवतो, आणि या हवेच्या फवाऱ्याचा आवाज कधी कधी ग्राइंडरलाही मागे टाकतो. अशा कामासाठी मीटरमध्ये एलईक्यू, म्हणजे ठरावीक काळातल्या एकूण ध्वनिऊर्जेची सरासरी काढण्याची सोय असावी लागते. पडद्यावरचे वर-खाली होणारे आकडे पाहून मनाने काढलेली सरासरी इथे हमखास कमी येते, कारण डेसिबलची साधी सरासरी होत नाही. एलईक्यू चालू करून कामाची किमान दोन-तीन पूर्ण आवर्तने होऊ द्यावीत. पॉवर प्रेस किंवा हातोड्याच्या ठोक्यांसाठी सी पट्टीवरचे पीक, म्हणजे ठोक्याच्या क्षणिक शिखराचे, वाचन घ्यावे लागते, आणि ज्या मीटरमध्ये पीक नाही त्याने ठोक्याचा आवाज मोजल्याचे सांगू नये. दिवसभर इकडून तिकडे फिरणाऱ्या फिटरच्या मागे मीटर घेऊन धावण्यापेक्षा त्याच्या खांद्यावर लावता येणारा डोसिमीटर, म्हणजे पाळीभर कानावर येणारा एकूण आवाज नोंदणारे छोटे यंत्र, भाड्याने आणणे शहाणपणाचे.

आकडे हाती आल्यावर ते कशाशी ताडून पाहायचे? कारखाने अधिनियम, १९४८ खालच्या नियमांमधून आपल्याकडे रुळलेली मर्यादा अशी आहे: ए पट्टीवर ९० डेसिबलमध्ये आठ तास, ९२ मध्ये सहा, ९५ मध्ये चार, १०० मध्ये दोन, १०५ मध्ये एक तास आणि ११५ मध्ये फक्त पंधरा मिनिटे. ११५ च्या वर सततच्या आवाजात कोणालाही उभे करायचे नाही आणि १४० डेसिबलच्या वरचा ठोका कोणाच्याही कानी पडू द्यायचा नाही. समजा, एक मागवाला ९५ डेसिबलच्या शेडमध्ये तीन तास असतो. चारपैकी तीन, म्हणजे पाऊण भाग वापरला. त्यानंतर तो ९२ डेसिबलच्या जागी दोन तास असतो. सहापैकी दोन, म्हणजे एक तृतीयांश. उरलेला वेळ तो शांत जागी असला, तरी या दोन अपूर्णांकांची बेरीज एकाच्या वर जाते, आणि एकाच्या वर गेली की मर्यादा ओलांडली. नुसते वाचन पाहून हे कळले नसते, कारण दोन्ही वेळा तो परवानगीच्या तासांच्या आतच होता.

माझे स्वतःचे मत विचाराल तर ही मर्यादा ढिली आहे. अमेरिकेतील नायॉश या संशोधन संस्थेने १९९८ साली आठ तासांसाठी ८५ डेसिबलची शिफारस केली आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करायला सांगितले. त्या हिशेबाने ९५ डेसिबलमध्ये चार तास नव्हे, तर जेमतेम पाऊण तास मिळतो. ऊर्जेच्या दृष्टीने हा हिशेब अधिक खरा आहे, कारण आवाज तीन डेसिबलने वाढतो तेव्हा कानावर येणारी ऊर्जा दुप्पट होते. म्हणून ८५ च्या वरच्या प्रत्येक जागेची नोंद ठेवावी आणि तिथल्या कामगारांची श्रवणचाचणी दरवर्षी करून घ्यावी. आवाजाने येणारे बहिरेपण साधारणपणे ४००० हर्ट्झच्या आसपास सुरू होते, त्यामुळे माणसाला ऐकू येते, पण ‘स’ आणि ‘श’ सारखी अक्षरे निसटतात, आणि घरचे लोक त्याचे लक्ष नाही असे समजतात. गेलेले हे ऐकणे परत येत नाही, आणि कायद्यानेही या आजाराचा समावेश व्यावसायिक रोगांत केला आहे.

डेसिबलची बेरीज हा आणखी एक फसवा भाग. ९० डेसिबलचे दोन माग एकत्र चालले तर १८० होत नाहीत, ९३ होतात. आणि त्यामुळेच दोनांतला एक बंद केला तरी फक्त तीनच डेसिबल कमी होतात. एखाद्या यंत्राचा एकट्याचा आवाज हवा असेल तर ते बंद ठेवून आधी भोवतालचा आवाज मोजावा. दोन्ही आकड्यांत दहा किंवा जास्त अंतर असेल तर भोवतालचा आवाज सोडून द्यावा. तीनचे अंतर असेल, म्हणजे यंत्र चालू असताना ९० आणि बंद असताना ८७, तर यंत्राचा स्वतःचा आवाजही ८७ च आहे. आणि अंतर तीनपेक्षा कमी असेल तर त्या गोंगाटात यंत्राबद्दल काही ठरवता येणार नाही, सुट्टीच्या दिवशी ते एकटे चालवून पाहावे. यंत्राच्या आवाजाबद्दल मालक आणि पुरवठादार यांच्यात वाद होतात, तेव्हा ही एक मोजणी केलेली असली तर निम्मा वाद मिटतो.

एकाच जागी ए आणि सी अशा दोन्ही पट्ट्यांवर वाचन घेण्याची सवय मला मोलाची वाटते. सीचा आकडा एपेक्षा बराच मोठा आला, तर आवाजात घुमणारा, खालच्या पट्टीतला भाग जास्त आहे. मोठे ब्लोअर आणि कंप्रेसर यांच्याजवळ असे दिसते. तिथे कानातले बोळे पाकिटावर छापलेल्या आकड्याइतका आवाज अडवत नाहीत, हे सुरक्षा अधिकाऱ्याने बोळ्यांची ऑर्डर देण्याआधी लक्षात घ्यायला हवे.

नोंदवहीत तारीख, पाळी, मीटरचा आणि कॅलिब्रेटरचा क्रमांक, आधीचे व नंतरचे कॅलिब्रेशन, निवडलेली पट्टी, जागेचा साधा नकाशा, त्या वेळी किती यंत्रे चालू होती आणि दारे-खिडक्या उघड्या होत्या की बंद, हे सर्व आकड्याच्या शेजारी लिहावे. शेडमध्ये नवा माग बसला, पत्र्याऐवजी दुसरे छप्पर आले किंवा ग्राइंडरची जागा बदलली की मोजणी नव्याने करावी. मीटर आणि कॅलिब्रेटर ही दोन्ही वर्षातून एकदा एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ, याची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडून तपासून घ्यावीत आणि त्यांची प्रमाणपत्रे त्याच नोंदवहीत लावून ठेवावीत. नमस्कार.