३५ अंशांपर्यंतच

[दृश्य: मे महिना, दुपारची वेळ. परभणीतला सामसूम रस्ता. खिडकीतला कूलर घरघरतोय.]

प्लेस्टेशन ५, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं सोनीचं यंत्र (कन्सोल). त्याच्या माहितीपुस्तिकेत एक ओळ आहे, ती सहसा कुणी वाचत नाही. हे यंत्र ५ ते ३५ अंश सेल्सियस तापमानात वापरावं, असं तिथं छापलंय. परभणी-नांदेडचा पारा उन्हाळ्यात चाळिशी केव्हाच ओलांडतो. म्हणजे कंपनीच्या हिशेबानं इथल्या पोरांनी उन्हाळ्याची सुट्टी भरदुपारी गेम न खेळताच काढायची. आणि सुट्टी तर त्यासाठीच असते! कूलर लावला तर खोलीत दमटपणा, खिडकी उघडली तर धूळ. फॅनच्या पात्यांवर आणि हीटसिंकच्या (चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या) फटींत ती बसली, की आतली गरम हवा बाहेर पडायची वाटच बुजते.

तरी लोक खेळतात. कुठलं कन्सोल भारी यावर यूट्यूबवर तासन्‌तास भांडणं चालतात, वेग सांगणारे टेराफ्लॉप आणि फ्रेम रेटचे आकडे तोंडावर फेकले जातात. संभाजीनगरच्या पैठण गेटला किंवा लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारात या आकड्यांना कोण विचारतो? तिथं प्रश्न एकच, बिघडलं तर इथल्या इथं दुरुस्त होतंय का? आम्हीही कन्सोलला त्याच प्रश्नावर मार्क देणार आहोत.

[दृश्य: जुना टीव्ही, पिवळी कॅसेट, वायरवाले दोन रिमोट.]

सुरुवात कॅसेटवाल्या गेमपासून. निन्टेंडोनं १९८३ साली जपानात फॅमिकॉम आणलं. आपल्या जत्रेत, बसस्टँडजवळच्या दुकानात मिळायची ती त्याची नक्कल. आत एक चिप, तिच्यावर काळ्या लाखेसारखा थेंब, बाकी डबा बराचसा रिकामा. कॅसेटवर लाखांचा आकडा छापलेला, प्रत्यक्षात मोजकेच गेम नंबर बदलून परत परत. मारिओ, कॉन्ट्रा आणि बंदुकीनं बदकं मारायची. अडकलं की कॅसेट काढायची, फुंकर मारायची, पुन्हा दाबून बसवायची. फुंकरीनं काही होत नव्हतं. काढून घातल्यामुळे पिना नव्यानं टेकत, गेम त्यामुळे चालायचा. उलट तोंडातल्या वाफेनं पिनांना गंजच धरायचा. पण हे त्या वयात कुणी ऐकलं असतं? अडॅप्टर जळला तर रेडिओवाल्याकडून दुसरा आणायचा. दुरुस्तीत मार्क पैकीच्या पैकी.

मग प्लेस्टेशन २. २००० साली आलेलं हे यंत्र जगात १५ कोटींहून जास्त विकलं गेलं. आपल्याकडे ते घराघरांत कमी आणि गेम पार्लरमध्ये जास्त दिसलं. तासावर पैसे, दोन रिमोट, मागे नंबर लावून उभी असलेली पोरं. कुस्ती, फुटबॉल आणि २००६ चा क्रिकेट ०७. त्या मालिकेचा ईए या कंपनीनं पुढचा गेम काढलाच नाही, म्हणून आजही लोक संगणकावर त्याच गेममध्ये नव्या खेळाडूंची नावं भरून खेळत बसतात.

प्लेस्टेशन २ चा दुखरा भाग म्हणजे डिस्क वाचणारी लेन्स. पार्लरचं मशीन सकाळपासून रात्रीपर्यंत चालू, त्यात डिस्क कॉपी केलेल्या. घरी रेकॉर्ड केलेली डिस्क लेझरचा उजेड कमी परतवते, त्यामुळे वाचताना लेन्सला जास्त झगडावं लागतं. मेकॅनिक आधी स्पिरिटनं लेन्स पुसायचा. तेवढ्यानं भागलं नाही तर बाजूचा बारीक स्क्रू फिरवून लेझरची ताकद वाढवायचा. मशीन लगेच डिस्क उचलायचं, फक्त लेझरचं आयुष्य घटायचं. कॉपी डिस्क ही चोरीच, त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. मात्र मूळ डिस्कच्या भावात पार्लर इथं एक महिनाही टिकलं नसतं, हेही तितकंच खरं.

[दृश्य: पांढरं एक्सबॉक्स ३६०. पॉवर बटणाभोवती लाल उजेड.]

आता या गोष्टीतला सगळ्यात महागडा दिवा. मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स ३६० नोव्हेंबर २००५ मध्ये निघालं, भारतात सप्टेंबर २००६ मध्ये आलं. रिमोट हातात बसायला आजही त्याच्यासारखा नाही, हे आमचं मत. पण बटणाभोवतीच्या कड्याचे तीन भाग लाल झाले की खेळ खलास. तक्रारी इतक्या वाढल्या की जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टनं या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांची केली आणि १०० कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली.

नेमकं काय तुटत होतं? बरीच वर्षं लोक मानत होते की मदरबोर्डवरचा ग्राफिक्स चिपचा सोल्डर (चिप बोर्डाला जोडणारा डाग) सुटतो. काहींनी चालू मशीन टॉवेलात गुंडाळून तापवलं. बाजारात हीट गननं चिप गरम करून द्यायचे. मशीन चालू व्हायचं, गिऱ्हाईक खूश, आणि काही दिवसांनी पुन्हा तोच लाल दिवा. २०२१ मध्ये कंपनीनं स्वतःच खुलासा केला. सांधे तुटत होते ते चिपच्या पॅकेजच्या आत, आणि कारण होतं वारंवार तापणं आणि थंड होणं. नुसतं गरम राहणं नव्हे, चालू-बंद, चालू-बंद.

आता त्या वर्षांतलं आपलं भारनियमन आठवा. लाईट गेली की मशीन थंड, आली की पोरगं पुन्हा पॉवर बटणावर. जे यंत्र चालू-बंदनंच मरतं, त्याला याहून वाईट गाव कुठलं मिळणार? शिवाय अमेरिकेहून कुणाच्या नातेवाइकानं आणलेल्या मशीनची वीट (विटेएवढा पॉवर अडॅप्टर) ११० व्होल्टची असायची. ती थेट आपल्या प्लगमध्ये घातली, तर लाल दिव्याचीही वाट बघावी लागत नसे.

निन्टेंडो स्विच इथं फारसं पोचलंच नाही. आलं ते मुंबई-दिल्लीच्या बाजारातून, बिलाशिवाय. त्याच्या जॉयकॉनमधली, म्हणजे रिमोटमधली, काडी कार्बनच्या पट्टीवर घासत राहते, पट्टी झिजली की हात न लावता मारिओ आपला चालू लागतो. कंपनीच्या अध्यक्षांनी २०२० मध्ये याबद्दल माफी मागितली. गंमत म्हणजे, न घासणारा, चुंबकावर चालणारा हॉल सेन्सर सेगा कंपनीनं १९९८ च्या ड्रीमकास्ट कन्सोलमध्येच वापरला होता. उपाय वीस वर्षं जुना असताना स्वस्तातला भाग निवडला, म्हणून या बाबतीत आमच्याकडून क्षमा नाही.

मधल्या काळात जिओ आलं, पबजी आलं, पार्लरं ओस पडली. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी बंद झालं तरी पोरं कन्सोलकडे वळली नाहीत, दुसऱ्या मोबाईल गेमकडे गेली. त्यावर वेगळा व्हिडिओ करावा लागेल.

[दृश्य: उघडलेलं प्लेस्टेशन ५. टेबलावर बारीक स्क्रूंचा ढीग.]

प्लेस्टेशन ५ तापण्याच्या बाबतीत चांगलं आहे. मोठा फॅन, मोठा हीटसिंक, धूळ ओढून काढायला खास भोकं. चिपवर साध्या पेस्टऐवजी द्रवरूप धातू आहे. तो विजेचा वाहक असल्यामुळे उघडताना सांडला तर बोर्ड शॉर्ट. हेही शिकता येतं, इथल्या पोरांनी आयफोन शिकून घेतला तसं. खरी अडचण डिस्क ड्राइव्हची. सुरुवातीच्या मॉडेलांत त्याचा छोटा बोर्ड त्याच मशीनच्या मदरबोर्डशी जोडी लावून येतो. दुसऱ्या मशीनचा अख्खा ड्राइव्ह काढून बसवला तर डिस्क चालत नाही, जुना छोटा बोर्ड त्यावर चढवावा लागतो. तोच जळाला असेल तर मेकॅनिकनं हात टेकायचे. लाल दिवा ही चूक होती. हे ठरवून केलंय, आणि म्हणून आम्हाला ते जास्त खटकतं.

तेव्हा सेकंडहँड घ्यायला जाल तर भरदुपारी जा, सकाळच्या गारव्यात नको. सगळ्यात जड गेम तासभर चालू ठेवा, फॅनचा आवाज ऐका. रिमोट टेबलावर ठेवून द्या आणि बघा, पडद्यावर काही आपोआप हलतंय का. डिस्क घालून काढून पाहा. मागच्या स्टिकरवरचा व्होल्टेज वाचा. आणि दुकानदार म्हणाला, "हीट मारून दिलंय, आता टकाटक," तर पैसे खिशातच राहू द्या.