तंजावरच्या भिंती वाचताना

श्रोतेहो, नमस्कार.

तंजावरला जाऊन आलो म्हटलं की आपल्याकडचा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "तो भोसल्यांचा मराठी शिलालेख पाहिलात का?" मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्याही डोक्यात दुसरं काही नव्हतं. स्टेशनवरून रिक्षा केली, बृहदीश्वराच्या मोठ्या देवळात शिरलो आणि विचारत विचारत थेट नैऋत्येचा कोपरा गाठला. देवनागरी अक्षरं दिसली, ऊर भरून आला, फोटो काढले आणि दीड तासात बाहेर पडलो. त्या घाईची हळहळ मला आजही वाटते. पुढे आणखी दोनदा गेलो, तेव्हा कुठे ते देऊळ थोडंफार दिसलं. म्हणून तुम्हाला सांगतो, त्या कोपऱ्यात जरूर जा, पण सगळ्यात शेवटी जा.

तिथली माणसं बृहदीश्वराला 'पेरिय कोविल' म्हणतात, म्हणजे मोठं देऊळ. पहाटे, देऊळ उघडल्या उघडल्या जावं. चपला बाहेर ठेवाव्या लागतात आणि अकरानंतर अंगणातला दगड असा तापतो की माणूस सावलीच्या पट्ट्यांतून पळत सुटतो. सकाळी मात्र फरशी थंडगार असते, फुलवाल्या बायका गजरे ओवत बसलेल्या असतात आणि दोन गोपुरं ओलांडून आत आलं की समोर विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, उभं राहतं. तेरा मजले, सुमारे २०० फूट उंची. पहिला राजराज चोळ याने हे देऊळ १०१०च्या सुमारास पुरं केलं. भोवतालचा सगळा मुलूख कावेरीच्या गाळाचा, भाताच्या शेतांचा. तिथे बांधकामाचा दगड मिळत नाही. एवढा ग्रॅनाइट दुरून आणला, घडवला आणि वर चढवला, हे लक्षात आलं की मान आपोआप वर जाते.

कुणीतरी तुम्हाला सांगेल की या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही. पडते. सकाळी पश्चिमेच्या अंगाला जाऊन बघा, लांबच लांब पडलेली असते आणि तिच्यात माणसं डबे उघडून बसलेली असतात. या देवळाला असल्या चमत्काराची गरज नाही. खरी नवलाई तिथे डोळ्यांसमोर आहे, फक्त तिच्यासाठी खाली वाकावं लागतं.

विमानाच्या जोत्याकडे बघा. दगडी थरांवर ओळीमागून ओळी तमिळ अक्षरं कोरलेली आहेत. आपल्याला वाचता येत नाहीत, हे खरं. पण त्यांचं वाचन शंभरएक वर्षांपूर्वीच झालेलं आहे आणि त्यांत काय आहे ते जाणून मग त्यांच्यासमोर उभं राहावं. राजराजाची आज्ञाच तिथे आहे: आम्ही दिलेलं, आमच्या अक्काने दिलेलं, आमच्या राण्यांनी दिलेलं आणि इतरांनी दिलेलं, सगळं या विमानाच्या दगडावर कोरा. अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण कुंदवै. राजाने स्वतःच्या दानाशेजारी बहिणीचं दान मांडलं आणि 'इतरांनाही' जागा दिली, हे मला फार मोठं वाटतं. मग त्या भिंतीवर काय काय येतं! अखंड तेवणाऱ्या एका दिव्याच्या तुपासाठी ९६ मेंढ्या, आणि त्या सांभाळणारे धनगर. देवाच्या सेवेसाठी ठिकठिकाणच्या देवळांतून आणलेल्या ४०० नर्तकी. नुसता आकडा नाही, प्रत्येकीचं नाव, ती मूळ कुठल्या देवळातली, कुठल्या आळीत कितवं घर तिला दिलं आणि वर्षाला किती भात मिळणार, सगळं. हजार वर्षांपूर्वीची चारशे बायकांची नावं! त्या ओळींवरून नजर फिरवताना एखाद्या वाड्यात जुनी वहीखाती उघडून बसल्यासारखं वाटतं.

आतल्या प्रदक्षिणामार्गात चोळकालीन भित्तिचित्रं आहेत. चोळांनंतर आणि भोसल्यांच्या आधी इथे राज्य करणाऱ्या नायक राजांच्या काळात त्यांच्यावर दुसरी चित्रं रंगवली गेली आणि मूळची झाकली गेली. ती १९३१ मध्ये उजेडात आली. सर्वसामान्य प्रेक्षकाला तिकडे सहसा सोडत नाहीत. वरच्या मजल्यावर नृत्याची करणं, म्हणजे हातापायांच्या ठरावीक हालचाली, कोरलेली आहेत. १०८ पैकी ८१ झाली, उरलेले दगड तसेच कोरे राहिले. बाहेरचा प्रचंड नंदी चोळांचा नाही, नायकांच्या काळातला. गणपतीचं देऊळ दुसऱ्या सरफोजीराजांनी बांधलेलं. एकाच अंगणात प्रत्येक शतकाने काही ना काही आणून ठेवलं, पण मधल्या विमानाला धक्का लावला नाही.

आता त्या कोपऱ्याकडे चला.

भोसले तंजावरला आले ते १६७५-७६च्या सुमारास. शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे विजापूरचे सरदार म्हणून तिकडे गेले आणि तिथलेच राजे झाले. पुढे १८५५ पर्यंत त्यांच्या घराण्याने तिथे नांदणूक केली. शिलालेख आहे १८०३चा, दुसऱ्या सरफोजींच्या आज्ञेने कोरलेला, बाबूराव चिटणिसांनी लिहिलेला. भोसल्यांच्या कुळाची सबंध हकिकत त्यात आहे. सलग शिलालेखांत जगातल्या सर्वांत मोठ्या लेखांमध्ये त्याची गणना होते आणि आपण तेवढंच सांगून थांबतो. पण सालाकडे जरा नीट बघा. १७९९ मध्ये कंपनी सरकारने तह करून राज्याचा कारभार आपल्याकडे घेतला होता. राजाकडे उरला किल्ला आणि ठरलेला तनखा. त्यानंतर चारच वर्षांनी हा राजा आपल्या वंशाची कथा दगडावर कोरून घेतो. राज्य हातचं गेलेलं, वय पंचविशीच्या आसपास. तलवारीला काम राहिलं नव्हतं, म्हणून टाकीला दिलं. आणि जागा कुठली निवडली? ज्या देवळात आठशे वर्षांपूर्वी एका राजाने 'सगळं कोरून ठेवा' म्हटलं होतं, तेच देऊळ, पण मधलं विमान नव्हे, आवाराच्या कडेची भिंत. त्या निवडीतली मर्यादा मला अभिमानापेक्षाही मोठी वाटते.

तिसऱ्या खेपेला तिथेच एक वयस्क गृहस्थ भेटले. कपाळाला गंध, नेसूचं वेष्टी, तमिळ वळणाची मराठी. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलतात, म्हणाले, पण लिहितात तमिळ. त्यांनी बोटाने एकेक ओळ दाखवत मला पाच-सहा ओळी वाचून दाखवल्या. मी अडखळत होतो, ते अडखळत नव्हते.

देवळापासून थोड्या अंतरावर राजवाडा, आणि त्यात सरस्वती महाल ग्रंथालय. मूळ नायकांच्या काळचं, सरफोजींनी ते जिवापाड वाढवलं. १८२० साली काशीयात्रेला निघाले तेव्हा तिकडूनही त्यांनी पोथ्या गोळा करून आणल्या. मराठी हस्तलिखितंच ३००० हून जास्त आहेत, शिवाय मोडी कागदांची दप्तरं वेगळी. प्रवाशांना पाहायला मिळतं ते लहानसं दालन: ताडपत्रं, चित्रं, जुने नकाशे. अर्ध्या तासात बघून होतं, पण तिथे तासभर थांबा. शहाजीराजांनी, म्हणजे व्यंकोजींच्या मुलाने, याच दरबारात मराठीत नाटकं लिहिली. आपण मराठी रंगभूमीचा आरंभ सांगलीच्या १८४३च्या प्रयोगापासून मोजतो. ही नाटकं त्याच्या सुमारे दीडशे वर्षं आधीची.

शिवगंगा तळ्याजवळ श्वार्ट्झ यांचं चर्च आहे, तिथे सहसा कुणी फिरकत नाही. श्वार्ट्झ हे सरफोजींचे गुरू, जर्मन पाद्री. आत संगमरवरी शिल्प आहे, लंडनच्या जॉन फ्लॅक्समन यांनी घडवलेलं: मरणशय्येवर गुरू, आणि त्यांचा हात धरून पागोटं घातलेला तरुण राजा.

तंजावरहून कुंभकोणम सुमारे ४० किलोमीटर. वाटेत अलीकडेच दारासुरम लागतं. एकच देऊळ बघायला वेळ असेल तर हे बघा, असं मी धीटपणे सांगतो. ऐरावतेश्वराचं देऊळ, बाराव्या शतकातलं, दुसऱ्या राजराजाचं. पेरिय कोविलसमोर माणूस लहान होतो, इथे मात्र देऊळच आपल्या उंचीवर येतं. मंडप म्हणजे दगडी रथ, घोडे ओढताहेत, चाकं फिरण्याच्या बेतात. एका ठिकाणी बैल आणि हत्ती यांचं डोकं एकच कोरलंय: एका अंगाने झाकून बघा, हत्ती, दुसऱ्या अंगाने, बैल. आणि भोवताली वीतभर उंचीच्या चौकटींत त्रेसष्ट नायनारांच्या, म्हणजे शिवभक्तांच्या, कथा. त्यांत कुंभार आहे, कोळी आहे, परीट आहे, शिकारी आहे. गोरोबाकाका आणि सावता माळी ज्यांच्या घरचे, त्यांना या दगडी चौकटी समजावून सांगाव्या लागत नाहीत.

तिथून जवळच स्वामीमलई. मुरुगनाच्या, म्हणजे कार्तिकेयाच्या, सहा क्षेत्रांपैकी एक. देवळाखालच्या गल्ल्यांत स्थपतींची घरं आहेत, पंचधातूच्या मूर्ती ओतणारी. आधी मेणाची मूर्ती घडवायची, तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या मातीचे थर द्यायचे, भाजून मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत रस ओतायचा. साचा फोडल्याशिवाय मूर्ती निघत नाही, म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती. एका घरात मी दुपारभर बसलो. एक पोरगा नटराजाची बोटं कानशीने घासत होता. त्याने मान वर केली नाही आणि मलाही त्याला हाक मारवली नाही.

कुंभकोणममध्ये देवळं इतकी की सगळी बघायचा हट्ट धरू नये. शारंगपाणी आणि रामस्वामी बघा, महामहम तळ्याच्या पायऱ्यांवर बसा, पितळी वाटी-पेल्यातली कॉफी घ्या. एक मात्र ध्यानात ठेवा. दुपारी साडेबारा ते चार बहुतेक देवळांचे दरवाजे बंद असतात. आम्ही मुलंबाळं घेऊन दुपारी एकला पोहोचलो होतो, तीन तास ओसरीच्या सावलीत काढावे लागले. पावसाचंही तसंच. तिकडचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. आपल्या सवयीने दिवाळीच्या सुट्टीत निघालात तर छत्रीखाली देवळं बघाल. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. वेळ असेल तर कुंभकोणमजवळ गोविंदपुरमला जा. तिथे अलीकडे उभं राहिलेलं विठ्ठल-रखुमाईचं भव्य देऊळ आहे आणि कावेरीच्या खोऱ्यात तमिळ गळ्यातून उमटलेला अभंग ऐकायला मिळतो.

आता शेवटचा मुक्काम, तिरुवय्यारु. तंजावरहून १३ किलोमीटर. कावेरीच्या काठी त्यागराजांची समाधी. तमिळ मुलुखात राहून, मराठी राजांच्या राज्यात, तेलुगूत रामाची गाणी रचणारा हा संत. सरफोजींनी त्यांना दरबारी बोलावलं आणि त्यांनी नकार दिला, असं सांगतात. धन सुखाचं की रामाची सन्निधी, असा प्रश्न विचारणारी त्यांची रचना त्या प्रसंगाची मानतात. संध्याकाळी तिथे पोहोचलो तेव्हा घाटावर दोन मुली आजीजवळ बसून तालावर हात आपटत गात होत्या. चुकलं की आजी थांबवायची, पुन्हा पहिल्यापासून. पाणी थोडंच होतं, पलीकडच्या वाळूत बगळे.

पौष वद्य पंचमीला, त्यागराजांच्या पुण्यतिथीला, शेकडो गायक-वादक त्याच घाटावर समोरासमोर बसतात आणि त्यांच्या पाच पंचरत्न कृती, म्हणजे गीतरचना, एका सुरात गातात. आकाशवाणी तो सोहळा तिथून थेट ऐकवते. त्या दिवशी सकाळी रेडिओ लावा. आधी नागस्वरम, म्हणजे तिकडची लांब सनई, ऐकू येईल, मग थोडी कुजबुज, आणि मग सगळे मिळून नाट रागातली पहिली कृती सुरू करतील.

नमस्कार.