नुसतं 'प्रेमापोटी' लिहू नका

(मुलुंडमधल्या ज्येष्ठांच्या मासिक सभेतलं भाषण. रेकॉर्डिंगवरून उतरवलंय, खोकले काढलेत.)

नमस्कार मंडळी. मागे ऐकू येतंय ना? ज्यांना येत नाही त्यांनी हात वर करा... कोणीच नाही. म्हणजे एकतर सगळ्यांना येतंय, नाहीतर प्रश्नच ऐकू आला नाही.

विषय बोर्डावर आहेच, आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदा. सहाला हॉल भजनी मंडळाला द्यायचाय म्हणून पटापट सांगतो. मी वकील नाही हां, बँकेत चौतीस वर्षं काढली, दुसऱ्यांचे कागद वाचायची खोड तेवढी राहिली.

तर आमच्या बिल्डिंगमधल्या काकू. नाव सांगत नाही, अर्ध्यांना कळेलच, कळलं तरी दाखवू नका. चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, काकूंना वन बीएचके मिळाला. मुलगा म्हणाला, आई, बक्षीसपत्र करून टाकू, मुलाला राहतं घर द्यायचं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये, सेस-बिस वेगळा. दोनशे! अहो स्टेशनबाहेर दोघांनी मिसळ खाल्ली नि वर चहा घेतला तरी जास्त होतात. सेल लागल्यासारखं घर देऊन टाकलं बाईंनी.

पहिले सहा महिने नुसतं श्रीखंड. मग नातवाची दहावी म्हणून काकूंचा पलंग बेडरूममधून हॉलमध्ये आला. दहावी झाली, पलंग काही परत गेला नाही. मग हॉलमधून गॅलरीत, पावसाळ्यात निळं प्लास्टिक लावून. कोणी हात उगारला नाही, शिवी नाही, फक्त चहा उशिरा, बीपीची गोळी 'उद्या आणतो' आणि फोनचा रिचार्ज कायम संपलेला. याला काय छळ म्हणायचं, असं आमच्या कमिटीतल्या एकाने मला विचारलं. म्हटलं, तू चार रात्री त्या गॅलरीत झोप, मग बोलू.

मी ते बक्षीसपत्र मागून वाचलं आणि डोकंच फिरलं. 'नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी'. बस्स, एवढंच! हे वाक्य टायपिंगवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये तयारच असतं, प्रेम आहे का नाही ते कोण विचारतो. भाडेकरू ठेवताना आपण पंखे-ट्यूबलाइट मोजून लिहून घेतो, डिपॉझिट, अकरा महिने, पोलीस व्हेरिफिकेशन, आणि पोराला आख्खं घर देताना एक ओळ लिहायला लाज वाटते...

किती वाजले? पावणेसहा? अरे बापरे. बरं, कायदा.

कलम २३. 'मला सांभाळशील, माझ्या गरजा बघशील' या अटीवर घर दिलं आणि तो बघत नसेल, तर ट्रिब्युनल, म्हणजे या कायद्याखालचं न्यायाधिकरण, तो व्यवहार रद्द ठरवू शकतं. पण अट पाहिजे. २०२२ मध्ये सुदेश छिकारा खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, अटच नसेल तर हे कलम लागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये उर्मिला दीक्षित खटल्यात आईला घर परत मिळालं, कारण तिथे सांभाळायचं लिहिलेलं होतं. सगळा खेळ त्या एका ओळीचा. त्यापेक्षा मृत्युपत्र करा, हवं तेव्हा बदलता येतं.

बाकी भराभर. पोटगीचा अर्ज प्रांत अधिकाऱ्याच्या पातळीवरच्या ट्रिब्युनलकडे, स्वतः जमत नसेल तर दुसऱ्या कोणाला अधिकार देऊन करता येतो, नोटीस लागल्यापासून ९० दिवसांत निकाल, फार तर ३० जादा. रक्कम महिना १०,००० पर्यंत, २००७ चा आकडा, आज मुंबईत त्यात दिवसभराची बाईसुद्धा मिळायची नाही. वाऱ्यावर सोडलं तर कलम २४, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. हेल्पलाइन १४५६७, लिहून घ्या. आणि सासूबाईंनो, हसू नका, सुनेला घराबाहेर काढायला हा कायदा सरसकट चालत नाही, २०२० चा निकाल आहे.

काकूंचं काय झालं? त्यांच्या कागदात अट नाही, म्हणजे २३ अवघड. पोटगीचा अर्ज मी भरून दिलाय, सही राहिलीये. म्हणतात, गणपती होऊन जाऊ दे.

आले, आले, पेटी आली. अट कशी लिहायची त्याच्या झेरॉक्स त्या टेबलावर ठेवल्यात, दोन रुपये डब्यात टाका, सुट्टे नसतील तर तसंच न्या.