मीटर फिरवलेली गाडी आणि चालू हप्ता

श्रोतेहो, नमस्कार.

कर्ज काढून जुनी गाडी घेतली. दोन-तीन महिन्यांनी कंपनीच्या वर्कशॉपला सर्व्हिसिंगसाठी नेली. काउंटरवरच्या माणसानं संगणकात गाडीचा नंबर टाकला आणि विचारलं, "मागच्या नोंदीत ८८ हजार किलोमीटर आहेत, मीटरवर ५४ हजारच कसे?" मीटर फिरवलेला आहे हे बऱ्याच जणांना असंच कळतं, तेही गाडी नावावर झाल्यावर आणि हप्ते सुरू झाल्यावर. त्यानंतर काय करायचं, कोणत्या क्रमानं करायचं, याबद्दल आज बोलायचं आहे. रागाच्या भरात पहिल्या दोन दिवसांत केलेल्या गोष्टी पुढे निस्तरता येत नाहीत, म्हणून क्रमाला इथे फार महत्त्व आहे.

सर्वात आधी आकडा खरा आहे का, हे पाहा. जॉब कार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या सर्व्हिसिंगच्या कागदावर, कधीकधी टायपिंगची चूक असते, एखादा अंक वाढलेला असतो. कधी मीटरचा संच, म्हणजे क्लस्टर, बिघडल्यामुळे बदललेला असतो आणि नवा संच शून्यापासून सुरू झालेला असतो. अशा वेळी वर्कशॉपच्या नोंदीत तो संच बदलल्याची तारीख आणि जुनं रीडिंग सापडायला हवं. त्यामुळे एका आकड्यावर भिस्त ठेवू नका, सगळ्या नोंदी तारखेनुसार मांडा. समजा, ऑगस्ट २०२० मध्ये ३१,२००, सप्टेंबर २०२१ मध्ये ५८,९००, नोव्हेंबर २०२२ मध्ये ८८,४००, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तुमच्या ताब्यात येताना ५२,१००. तीन नोंदी एका चालीनं वर जातात आणि चौथी अचानक खाली येते. ही टायपिंगची चूक नव्हे. पहिल्या २७ महिन्यांत गाडी ५७ हजार २०० किलोमीटर चालली, म्हणजे महिन्याला साधारण २,१००. त्याच चालीनं पुढचे १५ महिने धरले तर तुमच्या हाती आली तेव्हा तिचं रनिंग १ लाख २० हजारांच्या आसपास असावं. पण हा झाला अंदाज. तक्रारीत "किमान ८८,४००" एवढंच लिहा, कारण तेवढंच कागदावर सिद्ध होतं. अंदाजाचा आकडा पुढे केला की समोरचा वकील त्यावरच बोट ठेवतो आणि सिद्ध झालेला आकडा बाजूला पडतो.

या नोंदींची प्रिंट तारखेसह आणि शिक्क्यासह मागा. आरसी तुमच्या नावावर झालेली असेल तर वर्कशॉपनं नकार देण्याचं फारसं कारण नसतं. तोंडी नाही म्हणाले तर लेखी अर्ज करा आणि पोचपावती घ्या.

आता गाडीलाच विचारायचं. आजच्या गाड्यांमध्ये रीडिंग मीटरच्या मागच्या एका मेमरी चिपमध्ये साठवलेलं असतं. फिरवणारा माणूस स्टीअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला, म्हणजे गाडी तपासण्यासाठी दिलेल्या जोडणीला, यंत्र जोडून किंवा चिप काढून तो आकडा बदलतो. मात्र अनेक गाड्यांमध्ये अंतराची नोंद फक्त मीटरमध्ये नसते. इंजिनाचा ईसीयू म्हणजे नियंत्रण करणारा छोटा संगणक, ब्रेकच्या एबीएसचं युनिट, ऑटोमॅटिक गाडीत गिअरबॉक्सचं युनिट, यांतही ती वेगवेगळ्या रूपात राहते. घाईत काम करणारा ती सगळी बदलत नाही. म्हणून चांगल्या स्कॅनरनं सगळ्या युनिटांचं स्कॅनिंग करून घ्या आणि अहवालावर चेसिस नंबर छापून आलेला आहे ना, ते पाहा. एक साधी नोंद फार बोलकी असते: "कोड पुसल्यापासून चाललेलं अंतर". कोड म्हणजे गाडीनं स्वतः नोंदवलेली बिघाडाची खूण. मीटरवर ५२ हजार आणि या नोंदीत ६० हजार असेल, तर मीटर खोटं बोलतोय हे उघड आहे. ही नोंद ६५,५३५ किलोमीटरला थांबते, त्यापुढचं ती सांगू शकत नाही. स्कॅनिंग करणाऱ्याला आधीच बजावून ठेवा की एकही कोड पुसायचा नाही.

टायर, पेडलचं रबर, ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड, स्टीअरिंगवरची झीज, या खुणा जोडपुराव्यापुरत्या. टायरवर चार अंक असतात, जसं २३१९, म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. २०१८ च्या गाडीला ३० हजार रनिंग सांगतात आणि चारही टायर २०२१ चे आहेत, तर पहिला संच कुठे झिजला, हा प्रश्न रास्त आहे. गाडी पूर्वी टॅक्सी परवान्यावर होती का, हेही आरटीओच्या नोंदींतून तपासा. पिवळ्या पाटीची पांढरी झालेली गाडी वर्षाला ५०-६० हजार किलोमीटर सहज चाललेली असू शकते.

यार्डवाला, म्हणजे जुन्या गाड्यांचा ज्या व्यापाऱ्याकडून तुम्ही गाडी घेतली तो, या टप्प्यावर "आणा गाडी, मीटर बरोबर करून देतो" असं सांगेल. देऊ नका. मीटर पुन्हा हलला की तुमचा पुरावा गेला. गाडी सुरू करून मीटरचा, नंबरप्लेटचा आणि चेसिस नंबरचा एकसलग व्हिडिओ घ्या. विक्रीची जाहिरात अजून ऑनलाइन असेल तर आजच स्क्रीनशॉट घ्या, कारण तक्रारीचा वास लागला की ती निघते. व्हॉट्सॲपवरचे संदेश ज्या फोनवर आहेत तो फोन विकू नका, रीसेट करू नका.

कर्जाकडे लोक फक्त ओझं म्हणून पाहतात. या प्रकरणात मात्र कर्जाची फाइल तुमची सर्वात भक्कम साक्षीदार ठरू शकते. जुन्या गाडीवर कर्ज देण्याआधी बँक किंवा फायनान्स कंपनी बहुधा व्हॅल्युअर, म्हणजे गाडीची किंमत ठरवणारा माणूस, पाठवते. त्याच्या अहवालात फोटो असतात, चेसिस नंबर असतो आणि बहुतेक वेळा मीटरचं रीडिंगही असतं. या अहवालाची प्रत बँकेकडे लेखी मागा. विक्रेत्याचा ठरलेला बचाव असतो की "मीटर तुम्हीच फिरवला असेल". विक्रीच्या आधीच्या तारखेचा, ५२ हजार दाखवणारा बँकेचा फोटो समोर आला की हा बचाव संपतो. आणि त्या फोटोत ८८ हजारांच्या वरचा आकडा असेल, तर मीटर व्हॅल्युअरच्या तपासणीनंतर आणि ताबा देण्याआधी, म्हणजे यार्डातच फिरला, हे दिसतं.

त्याच फाइलमध्ये दुसरी मोलाची गोष्ट असते: कर्जाची रक्कम कोणाच्या खात्यात गेली. अनेक यार्डवाले कागद आधीच्या मालकाच्या नावानं करतात आणि वेळ आली की म्हणतात, "आम्ही फक्त मध्यस्थ." बँकेनं पैसे यार्डाच्या खात्यात टाकले असतील तर ते सांगणं टिकणं अवघड. केंद्र सरकारनं १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी नोंदणीचे नियमही लागू केले. नोंदणीकृत विक्रेत्यानं गाडी ताब्यात घेतल्याची सूचना आरटीओला द्यायची असते आणि त्याच्याकडे असताना झालेल्या प्रत्येक फेरीची, किलोमीटरसह, नोंद ठेवायची असते. ती नोंदवही दाखवा, अशी मागणी नोटिशीत जरूर करा. विक्रेता नोंदणीकृत नसेल तर तेही तक्रारीत लिहा.

आता हप्त्याबद्दल. हप्ता थांबवू नका. आपल्याकडे वाहनकर्ज बहुतेक वेळा तारण पद्धतीचं असतं. गाडीचे मालक तुम्ही, आरसीवर बँकेचा बोजा, आणि बँकेनं तुम्हाला दिलेले पैसे हा वेगळा करार. विक्रेत्यानं फसवलं म्हणून तो करार आपोआप सुटत नाही. हप्ता चुकला की दंडाची रक्कम लागते, सिबिल खराब होतं, आणि पुढे गाडी उचलून नेली तर पुरावाच तुमच्या हातातून जातो. मी हे इतकं ठासून सांगते आहे, कारण इंग्लंडमधले सल्ले वाचून लोक इथे तसं वागतात. तिथे हायर पर्चेस, म्हणजे भाडे-खरेदीचा करार, असेल तर गाडीची कायदेशीर मालक फायनान्स कंपनीच असते आणि तुम्हाला गाडी पुरवणारीही तीच ठरते. म्हणून तिथे २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याखाली थेट फायनान्स कंपनीकडे तक्रार करता येते आणि पहिल्या ३० दिवसांत गाडी नाकारताही येते. तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींनी हा हक्क जरूर वापरावा. दरवर्षीच्या एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य आहे का या सक्तीच्या तपासणीतलं रीडिंगही तिथे सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहता येतं. पुण्यात किंवा नागपुरात घेतलेल्या तारणकर्जाला मात्र तो नियम लागत नाही. बँकेला एक पत्र द्या: वाद काय आहे ते थोडक्यात, हप्ते नियमित भरत आहोत हे, आणि व्हॅल्युएशन अहवालाची व रक्कम वितरणाच्या तपशिलाची मागणी. कर्ज मुदतीआधी बंद करायचं झालं तर आज किती भरावे लागतील, ते पत्रही मागून घ्या. पुढे तडजोडीच्या टेबलावर तो आकडा लागतो.

विक्रेत्याला नोटीस स्पीड पोस्टानं पाठवा. त्यात जाहिरातीतलं रनिंग, जुन्या नोंदी, स्कॅन अहवाल, आणि तुमची मागणी एवढंच असू द्या. मागणी दोनांपैकी एक: गाडी परत घेऊन पूर्ण पैसे, किंवा गाडी ठेवून किमतीतला फरक. फरक काढायला त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या, खऱ्या रनिंगच्या गाडीचे दोन ठिकाणचे लेखी भाव घ्या. विम्यातली गाडीची किंमत, म्हणजे आयडीव्ही, इथे उपयोगाची नाही. ती वयावरून ठरते, रनिंगवरून नाही. गाडी परतच करायची असेल तर दिरंगाई करू नका. सगळं कळूनही सहा महिने गाडी दामटली, तर तुम्ही ती स्वीकारली असं म्हणायला जागा मिळते आणि मग फक्त भरपाईचा मार्ग उरतो.

गाडी वापरावीच लागणार असेल तर देखभाल खऱ्या रनिंगनुसार करा. हा मुद्दा जिवाचा आहे. ज्या इंजिनांना रबरी टायमिंग बेल्ट असतो, त्यांत तो ठरावीक किलोमीटरनंतर बदलावाच लागतो. तो आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. मीटर ५२ हजार दाखवतो म्हणून तुम्ही निवांत राहता, आणि प्रत्यक्षात मुदत केव्हाच उलटलेली असते. धावत्या गाडीत बेल्ट तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व पिस्टनवर आदळतात, आणि गाडी हायवेच्या मधल्या लेनमध्ये बंद पडते. ब्रेक ऑइल, कूलंट, गिअर ऑइल, सस्पेन्शनचे बुश, हेही तपासून घ्या. बदललेल्या प्रत्येक भागाचं बिल ठेवा, ते भरपाईत मागता येतं.

विक्रेता दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. बरेच विक्रेते इथेच बोलणी सुरू करतात. पुढचा टप्पा जिल्हा ग्राहक आयोग. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार तिथे चालते, आणि तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात ती करता येते. यार्ड दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये. मुदत दोन वर्षांची. गाडी परत करण्याची मागणी असेल तर बँकेलाही औपचारिक पक्ष करा, म्हणजे कर्ज कोणी आणि कसं फेडायचं हे आदेशातच येईल. गाडी व्यापाऱ्याकडून न घेता थेट एखाद्या माणसाकडून घेतली असेल तर ग्राहक आयोगाचा रस्ता बहुधा बंद असतो. मग करार कायद्याखाली दिवाणी न्यायालय, आणि फसवणूक स्पष्ट असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली पोलीस तक्रार.

तडजोड झाली आणि विक्रेता गाडी परत घ्यायला तयार झाला, तर चावी देण्याची घाई करू नका. आधी त्यानं कर्जाची बाकी थेट बँकेत भरावी, उरलेले पैसे तुमच्या खात्यात यावेत. मग बँकेकडून ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत बोजा उतरवा. त्यानंतर मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करा, आणि नाव बदलल्याची नोंद ऑनलाइन दिसेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. आरसीवर नाव ज्याचं, अपघाताची जबाबदारी त्याची, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. कागद अर्धवट ठेवून गाडी यार्डात सोडली, तर कर्ज तुमचं, जबाबदारी तुमची आणि गाडी दुसऱ्याकडे, अशी अवस्था होते.

आणि फरकाचे पैसे घेऊन गाडी ठेवलीत, तर ती पुढे विकताना डिलिव्हरी नोटवर दोन्ही आकडे लिहा: मीटरवरचं रीडिंग, आणि नोंदींवरून सिद्ध झालेलं किमान रनिंग. सोबत जुन्या जॉब कार्डांची प्रत जोडून खरेदीदाराची सही घ्या. माहीत असून लपवलं, तर पुढच्या नोटिशीवर विक्रेता म्हणून तुमचं नाव असेल.

नमस्कार.